कोरी नळी

आचरा, बुधवार, १६ जुलै

प्रिय दिव्या,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. खुर्चीत बस, दार लावून घे आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच मला फोन लावू नकोस. फोनवर मी काय करतो ते तुला ठाऊक नाही, मला आहे. सोमवारी सकाळी तुम्ही चाळीस आजारी माणसांना चाचणीसाठी तुझ्या जंतूंच्या पुड्या द्यायला सुरुवात करणार आहात. त्याआधी हे वाचून झालं पाहिजे, एवढीच माझी अट. तुझ्या बापाने आजवर तुला कसली अट घातल्याचं आठवतं का? मला तरी आठवत नाही.

घरचं म्हणशील तर सगळं जागच्या जागी आहे. समुद्राची बंदी चालू आहे, होड्या वर ओढून शाकारून ठेवल्यात. मागच्या पडवीवर माडाचं झाप पडून दोन कौलं फुटली, ती मी बदलली. शिडीवर चढलो म्हणून रागावू नकोस, रागवायला पुढे पुष्कळ जागा आहे. रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी पडवीतच बसलो होतो. तुझा आवाज इतका हलका मी किती वर्षांत ऐकला नव्हता. तू सांगत होतीस की समितीची परवानगी आली, तुझ्या आईचं नाव दिलेल्या ‘सुगंधा-१’ जंतूची सगळी जनुकं पुन्हा एकदा वाचून झाली, आणि त्यात एक गंमत निघाली. आपल्या जंतूचा सगळ्यांत जवळचा नातेवाईक म्हणे कुठल्याशा माशाच्या आतड्यातला निघाला. तू हसून म्हणालीस, “भाई, आये एका हातान मासे कापी नि दुसऱ्या हातान आंबील ढवळी. मगे माशातलो जंतू थंय गावतलोच मां?” मी पण हसलो. तू पुढे बोलत राहिलीस, पण माझं हसू तिथेच संपलं.

दुसरी गोष्ट तू जाता जाता सांगितलीस. पित्त बाहेर फेकणाऱ्या पंपाचं जे जनुक आहे, त्याला चिकटूनच एक जनुक सापडलं, आणि त्याच्यामुळे एक प्रतिजैविक औषध निकामी होतं. तुमच्यातल्या सिडनीने, त्या वेंगुर्ल्याच्या मुलाने, विचारलं की खेड्यातल्या आंबिलात हे आलं कुठून, आणि ते दुसऱ्या जंतूंकडे गेलं तर काय. तू त्याला सांगितलंस की हे जंतू आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या पोटात गेलेत, कुणाला बाधले नाहीत, म्हणजे ते जनुक जुनं आहे, जागचं हलणारं नाही. तो म्हणाला, आंबिलातून काढलेली पहिली नळी अजून फ्रीझरमध्ये आहे, तीही वाचून बघूया. तू चिडलीस. माझ्या आईच्या मडक्यावर संशय नको म्हणालीस. परवानगी मिळाली तीसुद्धा त्याच एका वाक्यावर ना, की हे घरचं जुनं खाणं आहे? त्यानंतर मी तुला तीनदा फोन केला. एकदा नारळ पाडायला माणूस मिळत नाही हे सांगितलं, एकदा पावसाचं, आणि तिसऱ्यांदा तुझा आवाज ऐकून काहीच न सुचल्याने जेवलीस का विचारलं.

सिडनीचं बरोबर आहे, दिव्या.

पण हे मला सुरुवातीपासून सांगू दे, नाहीतर तू म्हणशील म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. दोन हजार वीसचे ते महिने तुला माझ्यापेक्षा जास्त लक्षात असतील. तुझी आई पिवळी पडत गेली. पित्ताच्या नळीत गाठ होती, आणि गाठ आहे हे कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मे महिन्यात ती गेली. तू पुण्याहून आलेली टाळेबंदीत इथेच अडकलीस. तेरा दिवस झाले नि तू मडक्याकडे वळलीस. शेवटी शेवटी तिच्या पोटात आंबिलाशिवाय काही ठरत नव्हतं ना. नाचणीचं पीठ कालवायचं, आदल्या दिवशीचं दोन चमचे आंबवण घालायचं, शिजवून निवलं की वर पुन्हा एक चमचा कच्चं आंबवण. तिच्या सासूची, म्हणजे माझ्या आईची पद्धत. त्यातला जंतू माणसाच्या पोटातल्या पित्तातून जिवंत पार होतो की नाही, एवढंच तुला बघायचं होतं. कॉलेज बंद होतं, पण प्रिन्सिपॉलनी परवानगी दिली आणि प्रयोगशाळेची किल्ली माझ्याच कमरेला होती. एकतीस वर्षं त्या खोलीचा शिपाई म्हण, परिचर म्हण, मीच होतो. मुलीला मदत करायला मिळतेय म्हणून मी मनातून फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू.

तू मला सगळं समजावून सांगायचीस. मुलांना शिकवणारे सर कधी एवढं सांगत नसत. पित्त म्हणजे साबणच, जंतूची कातडी चरबीची, ती त्यात विरघळते. ज्याच्याजवळ पित्त तोडणारं एन्झाइम आहे आणि आत शिरलेलं पित्त उपसून बाहेर टाकणारे पंप आहेत, तो टिकतो. पण ही जनुकं एरवी निजलेली असतात. थोडंसं पित्त लागलं की जागी होतात, आणि एकदा जागी झाली की मग जास्त पित्तही सोसतात. होडीत पाणी यायला लागल्यावरच खलाशी उपसायला उठतो, तसं, असं मी म्हटलं तेव्हा तू टाळी दिली होतीस. म्हणून तू आधी थेंबभर, मग जास्त, मग त्याहून जास्त अशा नळ्या लावल्यास. जून महिनाभर लावल्यास. थेंबभर पित्तात ते जगायचे, पुढच्या पायरीला मरायचे. दर वेळी. नळ्या स्वच्छ, पारदर्शक, रिकाम्या. तू घरी येऊन आईच्या साड्यांच्या कपाटासमोर बसून राहायचीस आणि जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणायचीस. तुझी मनगटं बघवत नव्हती.

आता बाटलीचं. ते पित्त पुण्याहून आलेलं, बैलाच्या पित्ताची पूड. तू म्हणाली होतीस कोरड्या कपाटात ठेवा. आपल्याकडे कोरडं कपाट एकच, आणि त्यात सरस्वतीचा फोटो. तुला माहीत आहे, खंडेनवमीला मी सूक्ष्मदर्शकं, तराजू सगळं त्याच कपाटापुढे मांडून पुजायचो, झेंडूची फुलं वाहायचो. तिथे बैलाचं पित्त ठेवायला माझा हात धजेना. तुला सांगितलं असतं तर तू हसली असतीस, म्हणून सांगितलं नाही. रोज तू गेलीस की मी ती बाटली काढून खिडकीच्या फळीवर ठेवायचो आणि सकाळी तू यायच्या आत परत कपाटात. जुलैचा पाऊस. एका सकाळी झाकण सैल राहिलेलं दिसलं आणि आत चिखल. वर बुरशीसुद्धा. सगळीकडे बंद, नवी बाटली यायला महिनाभर तरी लागला असता. आणि तू त्याच दिवशी शेवटच्या नळ्या लावणार होतीस. म्हणाली होतीस, आता नाही जगले तर सोडून देईन, भाई. काय सोडून देशील ते मी विचारलं नाही. मला भीती वाटली, एवढं खरं.

मी तुला सांगितलं की आज वीज नाही, उद्या लावू. आणि सायकल घेऊन खाडीकडे गेलो.

*

आंबोली, गुरुवार

गाडी इथे थांबवून ठेवली आहे. पुढे आजऱ्याच्या रस्त्यावर झाड पडलंय, कापायला माणसं गेलीत, केव्हा सुटेल ते कंडक्टरला सांगता येत नाही. हो, मी निघालोय. पोस्टाने पाठवलं असतं तर सोमवारपर्यंत पोचेल की नाही याची खात्री नव्हती. चहाच्या टपरीवर बसून लिहितोय, कागदावर पाणी उडतंय, अक्षर समजून घे. आज कोल्हापुरात तुझ्या मामांकडे पोचलो तर उद्या दुपारपर्यंत पुणे. नाही पोचलो तर शनिवार-रविवार तुझी कचेरी बंद, आणि सोमवारी पहिली पुडी. दर पाच मिनिटांनी उठून रस्त्याकडे बघतोय. टपरीवाला म्हणाला, “काका, बसा हो, झाडाक पाय नाय फुटूचे.”

तर खाडीकडे. बंदीच्या दिवसांत समुद्राचा मासा नव्हता, पण खाडीकाठच्या बाबूच्या तळ्यात चोणक मासळी पाळलेली होती. त्याला मी पित्ताच्या पिशव्या मागितल्या. तो म्हणाला, “भाई, पित्ता कित्याक व्हयीत तुमका? कोणावर करणी करतास की काय?” मी औषधाला म्हणून सांगितलं. तुझ्या आईने सुरी हातात दिली त्या दिवसापासून तुला एकच शिकवलं होतं ना, “पित्त फोडू नको हां, नायतर सगळो मासो कडू जातलो.” तीच पित्तं मी वीस-पंचवीस गोळा केली, घाईत काढलेली, कुणाला आतड्याचा तुकडा लागलेला. प्रयोगशाळेच्या भट्टीत मंद आचेवर सुकवली, खलात कुटली, गाळली. रंग तोच, हिरवट तपकिरी. बाटली धुऊन भरली. पित्त ते पित्त, बैलाचं काय नि माशाचं काय, असं मी स्वतःला सांगितलं. एकतीस वर्षं प्रयोगशाळेत काढून माझी अक्कल तेवढीच. त्या तळ्यातल्या माशांना रोग पडू नये म्हणून खाद्यातून औषध घालतात, हे बाबूने मला त्याच दिवशी सांगितलं होतं. ते मी ऐकलं आणि विसरलो. रविवारी तू औषधाच्या जनुकाचं बोललीस तेव्हा बाबूचा आवाज जसाच्या तसा कानात आला.

दुसऱ्या दिवशी तू द्रावण करून माझ्याकडे निर्जंतुक करायला दिलंस. मोठ्या यंत्राचं रबर गेलेलं, म्हणून आपण प्रेशर कुकर वापरत होतो. मी कुकर लावला, तीन शिट्ट्या केल्या. आत नुसतं पाणी होतं. माशाचं पित्त तापलं असतं तर तो वास तुला, मालवणी पोरीला, दारातून ओळखू आला असता. म्हणून ते द्रावण मी कच्चंच तुझ्या हातात दिलं, आणि झालं म्हणून सांगितलं.

झाड हललं म्हणे. ड्रायव्हर उठलाय.

*

पुणे, शुक्रवार दुपार

पोचलो. आता राहिलेलं लिहितो, आणि हेच लिहायला सगळ्यांत जड आहे. आतापर्यंतचं वाचून तू म्हणशील, भाई घाबरला, चुकला, माणूस आहे. थांब.

तू दर वेळी एक कोरी नळी लावायचीस. तिच्यात सगळं तेच, फक्त जंतू घालायचे नाहीत. तूच सांगितलं होतंस, ती नळी आपली साक्षीदार, ती स्वच्छ राहिली तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. नळ्या लावल्याच्या तिसऱ्या सकाळी मी आधी पोचलो. सरस्वतीला उदबत्ती लावली आणि नळ्यांचा स्टँड उजेडात धरला. सगळ्यांत जास्त पित्ताची नळी गढूळ झाली होती. जिवंत होती. आणि तिच्या शेजारची कोरी नळीसुद्धा तितकीच गढूळ होती.

मला कळलं. मला कळलं नाही असं मी पाच वर्षं स्वतःला सांगत आलो, पण बाटल्या धुण्यात जन्म घालवलेल्या माणसाला गढूळ कोऱ्या नळीचा अर्थ सांगावा लागत नाही. जे वाढलं होतं ते मडक्यातलं नव्हतं, माशाच्या पित्ताबरोबर आलं होतं. पित्तातच राहणारं ते, त्याला पित्ताचं काय भय? तुझ्या पायऱ्यांनी त्याला काही शिकवलंच नव्हतं. बाहेर फाटकाचा आवाज आला. तू येत होतीस. मी ती कोरी नळी मोरीत ओतली, द्रावण ताजं कालवून दुसरी भरली आणि तिच्या जागी ठेवली. तुझ्या अक्षरातली चिठ्ठी सोडवून नव्या नळीवर चिकटवली. हात कापत नव्हते. ते मला अजून खटकतं.

तू आत आलीस, स्टँड उचललास आणि खालीच बसलीस. मग रडत रडत हसलीस. “भाई, बघलंस? आयेचे जंतू जगले. आये जिवंत आसा मरे.” त्या दिवशी तू दोन वेळा जेवलीस. कुठल्या तोंडाने सांगणार होतो? उद्या सांगू म्हटलं. मग तू पुण्याला परत गेलीस, मग तुझा शोधनिबंध छापून आला, जंतूला तिचं नाव मिळालं, देवळाच्या सभामंडपात तिच्या फोटोला हार घातला तेव्हा मी पहिल्या ओळीत बसलो होतो. लोक म्हणत होते, सुगंधाने मरून नाव काढलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, पुढची पाच वर्षं तू ‘पित्त’ हा शब्द काढलास की मी पाणी प्यायला उठायचो. तरी मनाची समजूत होती की कागदावरचीच गोष्ट आहे, कुणाचं काय जातंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. रविवारपर्यंत मी त्याच हिशेबावर होतो, आणि खरं सांगायचं तर रविवारनंतरही दोन दिवस. तू स्वतःच हसून सोडून दिलं होतंस, मी गप्प राहिलो असतो तर कुणालाही कधी कळलं नसतं. मग डोळ्यांसमोर ती चाळीस माणसं यायला लागली. ऑपरेशन झालेली, औषधांवर जगणारी. त्यांच्या पोटात आपण तळ्यातल्या माशाचा जंतू सोडणार, त्याने ते जनुक पोटातल्या दुसऱ्या एखाद्या वाईट जंतूला दिलं तर डॉक्टरचं औषध चालणार नाही, आणि त्यांच्या घरातल्या माणसांना कुणी सांगणारही नाही की हे कशाने झालं. उशाशी बसलेल्या माणसाचं काय होतं ते आपण दोघांनी पाहिलंय.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, भाई, नक्की ना, आणि तुझा आवाज मोडलेला ऐकून मी म्हटलं असतं, नाही गो, माझाच काहीतरी घोळ होत असेल. मला मी माहीत आहे. शिवाय तुझ्या समितीला कागद लागणार. बाप म्हणाला म्हणून कुणी काम थांबवत नाही, आणि थांबवलं तरी बोट तुझ्याकडे दाखवतील. म्हणून सगळं माझ्या हाताने, घडलं तसं क्रमाने लिहिलंय आणि खाली पूर्ण नाव घालून सही करतोय. हे सगळ्यांना दाखव, सिडनीला पहिल्यांदा. फ्रीझरमधली ती जूनची, आंबिलातून काढलेली पहिली नळी वाचा, फरक दिसेल. तुमच्या इमारतीच्या दारातल्या बाकावर बसून मी हे संपवतोय, आता पहारेकऱ्याबरोबर वर पाठवीन. माझ्या मांडीवर स्टीलचा डबा आहे, फडक्यात बांधलेला, वासाने गाडीतली माणसं कुरकुरत होती. तुझी आई गेली त्या दिवसापासून तिचं आंबवण मी एक दिवस चुकू दिलेलं नाही, रोज दोन चमचे बाजूला काढून नवीन पीठ कालवत आलोय. यातले जंतू पित्तात जगणार नाहीत, मरतील, तू जूनभर पाहिलंच आहेस. पण हे तिचे आहेत. आधी सोमवारचं थांबव, मग खाली ये. यावंसं वाटलं नाही तर डबा पहारेकऱ्याकडे ठेवीन, त्यात रोज पीठ घालायला विसरू नकोस.

तुझाच,
भाई

गणपत सखाराम पेडणेकर
निवृत्त प्रयोगशाळा परिचर
शुक्रवार, १८ जुलै २०२५
(कोरी नळी मी बदलली. दिव्याला माहीत नव्हतं.)